घाटावर, घाटाखाली: न पाहिलेला बुलढाणा

आमच्या जिल्ह्याबद्दल बाहेरच्या माणसाला साधारण तीन गोष्टी ठाऊक असतात. शेगावचे गजानन महाराज (आणि त्याच दमात कचोरी), लोणारचं सरोवर, आणि समृद्धी महामार्गावरचे अपघात. चौथी गोष्ट विचारली तर माणूस अडतो. पुण्या-मुंबईत तर "बुलढाणा म्हणजे मराठवाडा ना?" असंही ऐकायला मिळतं. नाही हो, आम्ही वऱ्हाडातले. अमरावती विभागातले. पण मराठवाड्याची आणि खानदेशाची हद्द आम्हाला लागून आहे, त्यामुळं आमच्या बोलीत, जेवणात आणि इतिहासातही तिघांची सरमिसळ आहे.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाऊ आला होता, मुलांना घेऊन. त्याच्या थोरल्यानं, अकरावीतला पोरगा, सरळ विचारलं, "चाचू, इथं बघण्यासारखं काय आहे?" आणि लगेच पुढं, "मतलब, अपना क्या है इथं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. गाडी काढायची आणि फिरवून आणायचं. दुसऱ्या प्रश्नावर मी बराच वेळ विचार करत राहिलो. हा पोरगा शाळेत जो इतिहास शिकला, त्यात त्याच्यासारखी नावं असलेली माणसं बहुतेक वेळा चाल करून येतात, लुटतात आणि हरतात. त्याला वाटतं, या मातीत आपलं काही नाही, आपण इथं पाहुणे. हा लेख त्याच्यासाठी आहे. आणि ज्यांना फक्त सुट्टी घालवायला नवीन जागा हवी आहे, त्यांच्यासाठीही.

आमचे अब्बा एसटीत वाहक होते. तीस वर्षं त्यांनी या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर तिकिटं फाडली. कुठल्या फाट्यावर कोण उतरतं, कुठल्या गावचा बाजार कोणत्या वारी, हे त्यांना तोंडपाठ. लहानपणी सुट्टीत त्यांच्या बसमध्ये बसून मी जो जिल्हा पाहिला, तोच इथं सांगतो आहे. पुस्तकं आणि गॅझेटियर नंतर वाचली.

दोन जिल्हे एकात

बुलढाण्याच्या माणसाला गाव विचारलं तर तो आधी सांगतो, घाटावरचा की घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा, सिंदखेडराजा. खाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. मोगलांच्या कागदपत्रांतही वऱ्हाडाचे असेच दोन भाग आहेत, बालाघाट आणि पायनघाट. चारशे वर्षांत शब्द बदलले, सवय तीच राहिली. सोयरिकीतसुद्धा "घाटाखालची पोरगी आहे, ऊन सोसेल" असं म्हणतात.

खाली पूर्णा वाहते, काळी माती आहे, कापूस आहे, आणि मुंबई-हावडा रेल्वेमार्ग आहे. वर पैनगंगा आहे. ती बुलढाण्याजवळ मढच्या बुधनेश्वराला उगम पावते आणि पुढं विदर्भ-मराठवाड्याची सीमा होते. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बुलढाणा शहराला मात्र अजून रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी आमच्या आजोबांच्या काळापासून ऐकतो आहोत.

घाटाखाली

मलकापूरला रेल्वेतून उतरलात तर आधी या गावाचं नाव लक्षात घ्या. फारुकी घराण्यातल्या एका राजपुत्रानं गाव वसवलं आणि आपल्या मुलीवरून, मलिकावरून, नाव ठेवलं असं जुन्या गॅझेटियरमध्ये दिलं आहे. फारुकी म्हणजे बुऱ्हाणपूरचे, खानदेशचे सुलतान. मुलीच्या नावानं गाव वसवणारा बाप आपल्या शालेय इतिहासात कुठं भेटत नाही, म्हणून सांगितलं.

पूर्वेला खामगाव. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५ मध्ये, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. खामगावचा कापूस बाजार इतका मोठा झाला की १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः इथं आला आणि जलंब ते खामगाव ही खास रेल्वे त्यानं सुरू केली. तेरा किलोमीटरचा हा फाटा अजून चालू आहे. मुलं बरोबर असतील तर या गाडीत जरूर बसा, सुरू झाली म्हणेपर्यंत संपते. खामगावची चांदीही प्रसिद्ध आहे. आमच्याकडं लग्नातले पैंजण आणि जोडवी खामगावचीच घ्यायची पद्धत आहे, मग लग्न कुणाच्याही घरचं असो.

उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूर. तिथून सातपुडा दिसायला लागतो. संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. मेळघाट म्हटलं की सगळे चिखलदऱ्याला जातात. त्याच जंगलाचं हे पश्चिमेकडचं दार आमच्या जिल्ह्यात आहे, तिथं गर्दी नाही. जळगाव जामोदकडं सातपुड्यात मैलगड नावाचा छोटा किल्ला आहे. पावसाळा संपता संपता गेलात तर हिरवळ असते आणि पायवाटेला चिखलही कमी असतो.

याच भागात भेंडवळ आहे. अक्षय तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधे पाण्याची घागर, पापड, कुरडई, पानसुपारी, आणि भोवती गोलात धान्यं. रात्रभर तिथं कुणी थांबत नाही. पहाटे जाऊन कुठला दाणा हलला ते बघतात आणि वर्षाच्या पावसाचं, पिकाचं भाकीत सांगतात. शास्त्राच्या कसोटीला हे टिकत नाही, आणि माझाही त्यावर विश्वास नाही. पण त्या पहाटे जमलेल्या शेतकऱ्यांचे चेहरे एकदा पाहावेत. पाऊस ज्याच्या हातात नाही आणि कर्ज ज्याच्या डोक्यावर आहे, तो माणूस दाण्याकडं कसा बघतो, ते कळतं. त्या गर्दीत टोपीवालेही असतात. कापूस सगळ्यांचाच कोरडा पडतो.

आणि पाणी. पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा आहे. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांतली कितीतरी गावं यात येतात, आणि मूत्रपिंडाच्या आजारानं माणसं गेलेली घरं तिथं गल्लोगल्ली आहेत. तुम्ही पर्यटक म्हणून जाल, बाटलीतलं पाणी प्याल आणि परत याल. पण ते हिरवं जंगल बघायला जाताना वाटेतल्या गावात घोटभर पाणी चाखून बघा. जिल्हा नुसता डोळ्यांनी कळत नाही.

रोहिणखेडची मशीद

मोताळ्याकडून घाटाच्या पायथ्याला रोहिणखेड आहे. पुतण्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी इथून सुरू केलं.

दख्खनमधून बुऱ्हाणपूरला आणि पुढं उत्तरेला जाणारी वाट इथून घाट उतरायची. वाटेवरचं गाव म्हणून लढायाही इथंच झाल्या. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन यानं खानदेशच्या नासिरखान फारुकीचा इथं पराभव केला. नंतर सोळाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा लढाई झाली. अहमदनगरच्या निजामशाहीत जमालखान नावाचा सरदार तेव्हा सर्वेसर्वा होता. गादीवर लहान वयाचा इस्माईल होता आणि त्याचाच बाप बुऱ्हाण गादीसाठी चालून आला होता. खानदेशचा राजा अलीखान बुऱ्हाणच्या बाजूला. जमालखान रोहिणखेडला मारला गेला.

हा जमालखान महदवी होता. पंधराव्या शतकात जौनपूरच्या सय्यद मुहम्मद यांनी महदी असल्याचा दावा केला, त्यांना मानणारे ते महदवी. साधं राहणं, मिळेल ते वाटून खाणं यावर त्यांचा भर. इतर मुसलमानांनी त्यांना खूप छळलं. जमालखानाच्या हातात सत्ता आली तेव्हा त्यानं निजामशाहीत हाच पंथ पुढं आणला, आणि रोहिणखेडच्या लढाईनं ते संपलं.

योगायोग बघा, रोहिणखेडची जुनी दगडी मशीद १५८२ मध्ये खुदावंदखान यानं बांधली. तोही महदवी. लढाई झाली तेव्हा ही मशीद दहा वर्षांचीही नव्हती. म्हणजे ज्या गावात या पंथाच्या माणसानं अल्लाहचं घर बांधलं, त्याच गावात त्यांची सत्ता बुडाली.

पुतण्या म्हणाला, "मग यात हिंदू-मुस्लिम कुठं आहे?" मी म्हणालो, "शोध. सापडलं तर मलाही सांग." सुलतान सुलतानाशी, बाप मुलाशी, सुन्नी महदवीशी लढतो आहे. दोन्हीकडच्या फौजांत दख्खनी, हबशी, मराठे, सगळे. राज्यासाठी माणसं लढत होती. आपण नंतर त्यांना दोन रंगांत रंगवलं.

घाट आणि एका वाघाची गोष्ट

मोताळ्याहून राजूर घाट चढला की बुलढाणा. हवा बदलते. इंग्रजांनी जिल्ह्याचं ठिकाण इथं केलं ते याच हवेसाठी. जुनं नाव भिलठाणा, भिल्लांचं ठाणं. ऑक्टोबरात या डोंगरांत सीताफळं येतात आणि रस्त्याच्या कडेला बाया टोपल्या घेऊन बसतात. घासाघीस करू नका, झाडावर चढून काढलेली असतात.

बुलढाणा आणि खामगाव यांच्यामध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे. साधारण २०५ चौरस किलोमीटर, १९९७ मध्ये जाहीर झालेलं. हे अस्वलांचं जंगल. बिबट्या, नीलगाय, मोर दिसतात, पण आजूबाजूच्या गावांत भीती अस्वलाचीच. मोहाच्या दिवसांत पहाटे रानात गेलेल्या माणसाला अस्वलानं फाडल्याच्या बातम्या आमच्या पेपरात नेहमीच्या.

२०१९ मध्ये इथं वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला, कागदोपत्री नाव टी१सी१. जूनमध्ये घर सोडलं, तेलंगणात गेला, परत आला, शेतं, कालवे, रस्ते ओलांडत तेराशेपेक्षा जास्त किलोमीटर चालून डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. तेव्हा जगभरच्या पेपरांत आमच्या जिल्ह्याचं नाव झळकलं. जंगल होतं, शिकार होती, पाणी होतं. वाघीण नव्हती. तिला आणून सोडावं का, यावर अधिकाऱ्यांची चर्चाही झाली. पण काही महिन्यांनी वाघ पुन्हा निघून गेला. अब्बांना ही गोष्ट फार आवडायची. म्हणायचे, "आपल्या पोरांसारखाच आहे. सगळं बघितलं, पसंतही पडलं, पण राहण्यासारखं काही नाही म्हणून पुढच्या गाडीनं गेला."

सैलानी

बुलढाण्याहून चिखलीच्या बाजूला पिंपळगाव सराईला सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास इथं यात्रा भरते, आणि मुसलमान संतांच्या दर्ग्यावर नारळांची होळी पेटते. देशात असं दुसरं ठिकाण असेल तर मला माहीत नाही. होळी, संदल, नारळ, हिरवी चादर, सगळं एकत्र. येणाऱ्यांत बहुसंख्य हिंदू, त्यातही गोरगरीब, दलित, बंजारा. शिकलेल्या मुसलमानांत सैलानीचं नाव काढलं की काही जण नाक मुरडतात, "हे आपल्यात बसत नाही" म्हणतात. शिकलेले हिंदूही मुरडतात, वेगळ्या कारणानं.

माझं म्हणणं वेगळं आहे. तिथली श्रद्धा मला खटकत नाही. आजारी माणसाला तिथं नेऊन ठेवतात, ते खटकतं. मनाचा आजार झालेल्या माणसांना "बाहेरचं लागलं" म्हणून देशभर अशा ठिकाणी नेतात, कधी बांधूनही ठेवतात. तामिळनाडूत एर्वाडी इथं २००१ मध्ये आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माणसाला साखळदंड घालायला मनाई केली आहे. जवळचा मानसोपचारतज्ज्ञ ज्याला शंभर किलोमीटरवर आहे, तो गरीब माणूस दर्ग्यावर येणारच. त्याला हसून उपयोग नाही. त्याला सांगायचं की दुआ कर, आणि दवाखान्यातही ने. तुम्ही सैलानीला जा, पण तमाशा बघायला जाऊ नका. यात्रेचे दिवस सोडून एखाद्या साध्या दिवशी गेलात तर ती शांत जागा बघायला मिळेल.

मेहकर ते लोणार

मेहकर पैनगंगेच्या काठावर. इथली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची मूर्ती १८८८ मध्ये जमिनीखाली सापडली. जवळजवळ अकरा फूट उंच, कोरीव काम असं की बघत राहावं. मी लांबूनच पाहिली आणि बराच वेळ पाहिली. याच मेहकरात मोमीन विणकर इतके सधन होते की गावाचा तट त्यांनी स्वखर्चानं बांधला, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. गाव वाचवायचं होतं, म्हणजे बालाजीचं आणि मशिदीचं दोन्ही गाव एकच होतं. आज मोमीनपुऱ्यात माग नाहीत. पोरं मुंबईला, भिवंडीला, आखाताला गेली.

कवी ना. घ. देशपांडे मेहकरचेच. वकिली करत त्यांनी कविता लिहिल्या, 'खूणगाठी' संग्रहाला १९८६ मध्ये साहित्य अकादमी मिळाली. त्यांच्या एका संग्रहाचं नाव 'कंचनीचा महाल'. तो महाल म्हणजे गावाजवळचा जुना पडका वाडा. कंचनी नावाच्या नर्तकीनं लोणारच्या कमळजा देवीचा दिवा दिसावा म्हणून उंचच उंच महाल बांधायला घेतला, अशी दंतकथा आहे. कंचनी कुठल्या धर्माची, हे गोष्ट सांगणारे सांगत नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

लोणारबद्दल तुम्ही ऐकलं असेल, पण लोक तिथं जातात, काठावर फोटो काढतात आणि परततात. तसं करू नका, खाली उतरा. हे विवर उल्केच्या धडकेनं झालं. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. बेसाल्ट खडकात झालेलं असं विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ, म्हणून चंद्र आणि मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ इथं येतात. वय पूर्वी ५० हजार वर्षांच्या आसपास मानत, नंतरच्या मोजणीत ते साडेपाच लाख वर्षांच्या पुढं गेलं. तळ्याचं पाणी क्षारयुक्त, आणि त्याच विवराच्या उतारावर गोड्या पाण्याची धार अखंड वाहते. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर स्थळ जाहीर झालं. अलीकडं तळ्याचं पाणी वाढत चाललं आहे आणि काठावरच्या कमळजा मंदिरापर्यंत पोचलं आहे. म्हणजे जे बघायचं ते लवकर बघा. गावातलं दैत्यसूदन मंदिरही चुकवू नका, बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं निवांत बघावीत अशी आहेत.

लोणारचं नाव पुराणांत आहे, आणि अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तही आहे. ब्राह्मण या जागेला किती पवित्र मानतात हे तो आदरानं लिहितो, आणि इथं काच आणि साबण बनवायला लागणारे पदार्थ मिळतात, सरकारला त्यातून उत्पन्न होतं, हेही नोंदवतो. पुतण्याला मी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा फोन खिशात ठेवून ऐकायला लागला.

साखरखेर्डा

सिंदखेडराजा तालुक्यातलं हे गाव. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथं निजामुल्मुल्क आणि हैदराबादचा मोगल सुभेदार मुबारिजखान यांची लढाई झाली. दिल्लीच्या दरबाराला निजाम नको होता, म्हणून मुबारिजखानाला त्याच्यावर सोडलं होतं. मुबारिजखान मारला गेला, निजाम जिंकला, आणि गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळालं. मराठ्यांची फौज तेव्हा निजामाच्या बाजूला होती. पुढं चार वर्षांनी, १७२८ मध्ये, त्याच निजामाला बाजीरावानं पालखेडला कोंडीत पकडलं, तो भाग वेगळा.

या एका दिवसानं हैदराबादचं राज्य उभं राहिलं, ते सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकलं. चारमिनार बघायला लाखो लोक जातात. आसफजाही ज्या मातीत सुरू झाली तिथं कोण जातं? आणि गंमत म्हणजे १८५३ मध्ये इंग्रजांनी कर्जापोटी निजामाकडून वऱ्हाड काढून घेतलं, त्यात हे गावही गेलं. ज्या गावानं राज्य दिलं ते गावच राज्यात राहिलं नाही. इथं महाल नाही, तिकीट नाही. शेतं आहेत, सोयाबीन आहे. पण उभं राहून विचार करण्यासाठी जागा चांगली आहे.

सिंदखेडराजा

१२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म इथं झाला. दरवर्षी त्या दिवशी लाखो लोक येतात. बाकी ३६४ दिवस गाव शांत असतं, तेव्हा जा. लखुजीराव जाधवांचा राजवाडा, काळाकोटाच्या जाड भिंती, मूर्तींनी सजलेली पुतळा बारव, मोती तलाव, आणि मधोमध दगडी इमारत असलेला चांदणी तलाव. लखुजीरावांची समाधी तर घुमट आणि कमानींची. पुतण्याला ती आधी मकबराच वाटली. दख्खनमध्ये गवंडी एकच होते, ते मशीदही बांधायचे आणि समाधीही.

लखुजीराव निजामशाहीतले मोठे सरदार. १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात त्यांना आणि त्यांच्या मुलांना दग्यानं मारलं. हे सांगताना मुसलमानानं चाचरायचं काही कारण नाही. जुलूम तो जुलूम. आणि जिजाऊंच्या सासरी, मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली असं सांगतात, तेही सांगताना कुणी चाचरू नये. दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आहेत.

जवळच देऊळगावराजा तालुक्यात मेहुणाराजा. संत चोखामेळ्यांचं जन्मगाव म्हणून ते ओळखलं जातं. ज्याला देवळाच्या पायरीपलीकडं जाऊ दिलं नाही त्याचे अभंग आज वारीत सगळे गातात. खडकपूर्णा धरणाच्या जलाशयालाही आता त्यांचंच नाव आहे, संत चोखासागर.

शेवटी थोडं कामाचं

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून नागपूर-मुंबईची हजारो माणसं रोज आमच्या जिल्ह्यातून जातात. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला बस पेटून २५ जण गेले, तेव्हा आजूबाजूच्या गावांतली माणसं धावत गेली होती. त्या गावांची नावं बहुतेकांना तेव्हाच कळली. रस्ता आमच्यातून जातो, पण खाली फारसं कोणी उतरत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मुस्लिम कुटुंबाला फिरायला निघताना मनात एक धाकधूक असते. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका लॉजवर आधार कार्डावरची नावं वाचून "रूम फुल आहेत" ऐकावं लागलं होतं, चाव्या समोर टांगलेल्या असताना. मुलांनी ते पाहिलं. म्हणून अनेक जण आता फिरायलाच जात नाहीत, गेले तर नातेवाइकांकडंच उतरतात. मला हे पटत नाही. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, असं कुराणात पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. प्रवाशाला नमाजही कमी करून दिली आहे. घरात बसून राहायला ही सवलत दिलेली नाही. आमच्या फिरतीत सिंदखेडराजाच्या तलावावर एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला बसवून अर्धा तास सगळं समजावलं आणि निघताना पोरांच्या हातावर बोरं ठेवली. नाव विचारलं नाही. "कोणत्या गावचे?" एवढंच विचारलं.

दोन दिवस पुरतात. पहिला दिवस घाटाखाली: मलकापूर, रोहिणखेड, राजूर घाट, बुलढाण्याला मुक्काम. दुसरा घाटावर: चिखली, मेहकर, लोणार, तिथून साखरखेर्डा आणि सिंदखेडराजा, पुढं जालन्याला निघता येतं. ज्ञानगंगा आणि अंबाबरव्यासाठी आणखी दोन दिवस ठेवा. सप्टेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे, एप्रिल-मेमध्ये घाटाखाली जाऊ नका. जेवायला ठेचा-भाकरी कुठंही मिळते. रोडगे मिळाले तर सोडू नका, तुपाशिवाय खाऊ नका.

पुतण्या परत गेला तेव्हा त्याच्या वहीत दोन ओळी होत्या, भावानं फोटो काढून पाठवला. एका ओळीत रोहिणखेडच्या मशिदीचं साल, दुसरीत चांदणी तलाव, आणि पुढं लिहिलेलं: "पुढच्या वेळी पाणी भरलेलं असताना." तो येईल तेव्हा मी इथंच आहे. तुम्ही आलात तर तुम्हालाही घेऊन जाईन.